हौसाबाईंनी बुजवलेले नऊ चौकोन

मंडणगड तालुक्यातल्या आमच्या भागात हौसाबाई तांब्यांच्या हातची गोधडी ज्याच्या घरात, त्याची थंडी पळाली म्हणून समजा. शाळा चौथीपर्यंत, वय पासष्ट, चष्मा कानाला दोऱ्याने बांधलेला. पण टाका असा सरळ की शिवणयंत्राने मान खाली घालावी. या बाईने एका डॉक्टरचं संशोधन दुरुस्त केलं, हे सांगितलं तर बाहेरचे लोक हसतात. हसू देत.

डॉक्टर वेदिका साठे लेप्टोच्या तापावर काम करत होत्या. भातलावणीच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि पायाच्या चिरांतून रोग शिरतो. तीन वर्षं त्यांनी गावातल्या एकशे चव्वेचाळीस बायकांचं रक्त तपासलं. अहवाल छापला गेला इंग्रजीत, आणि जिचं रक्त घेतलं तिलाच त्यातलं ओ की ठो कळेना. तेव्हा रत्नागिरीच्या चित्रकार शमिकाने तोडगा काढला: अहवालाची गोधडी करायची. प्रत्येकीच्या जुन्या लुगड्याचा एक चौकोन. जिला रोग झाला नाही तिच्या चौकोनाभोवती हिरवा दोरा, वेळेवर औषध घेतलं तिला पिवळा, उशीर झाला तिला तांबडा. दोघी दगावल्या होत्या, त्यांना काळा. आणि नऊ जणींचा पुढे पत्ताच लागला नव्हता. त्यांचे चौकोन आरपार मोकळे ठेवायचे.

हौसाबाई पाचसहा जणींना घेऊन दोन महिने बुद्धविहारात बसल्या. गोधडी उलगडली तेव्हा डॉक्टर चिडल्याच. एकही चौकोन मोकळा नव्हता.

"आम्हांला जे माहीत नाही, तिथे आम्ही काही भरत नाही, हौसाबाई," त्या म्हणाल्या.

"तुमाला नाय म्हाईत. आमाला हाय."

मग एकेका चौकोनावर बोट ठेवत त्यांनी सांगितलं. ही लेकीकडे नालासोपाऱ्याला, ठणठणीत. ही माहेरी हेदवीला. अशा आठ जणी झाल्या. नवव्या चौकोनाभोवती काळा दोरा होता. ती त्यांची धाकटी जाऊ, सखू. ऐन लावणीत ताप चढला, पोटऱ्या ठणकू लागल्या, पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले. मुंबईत नोकरीला असलेल्या नवऱ्याने, धोंडूने, येऊन तिला तिकडे मुंबईला नेलं आणि दोन दिवसांत ती गेली. पुढे फॉर्म भरणारी मुलगी दारात आली, तेव्हा हौसाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, मुंबईला गेली. आमच्याकडे अर्धं गाव मुंबईला जातं, मुलीने तसंच लिहिलं.

खरं का नाही सांगितलं, असं डॉक्टरांनी हळूच विचारलं. हौसाबाईंनी मग सांगून टाकलं. सखूला दवाखान्यात जायचं होतं. चार दिवसांची लावणी उरली होती, म्हणून थांब असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. हे धोंडूच्या कानावर घालू नका, एवढी विनवणी त्यांनी केली.

डॉक्टरांनी शब्द पाळला. रुग्णालयाचे कागद मिळवले. त्यांवर लेप्टोच लिहिलेलं होतं. अहवालातले मृत्यू दोनाचे तीन झाले आणि तशी दुरुस्ती त्यांनी छापून आणली. चूक कबूल करायला त्या लाजल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

लावणीच्या तोंडावर गोधडी विहारात टांगली. सगळं गाव आलं, सुट्टी काढून धोंडूही आला. डॉक्टर रंग समजावत होत्या. काळे चौकोन कोणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही. जन्मात कधी सभेत तोंड न उघडलेल्या हौसाबाई उठल्या. त्यांनी एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. मला विचाराल तर तेवढं धाडस मी कोणात पाहिलेलं नाही.

"ही माझी सखू. ताप आला तवा थांब, लावणी उरकू दे, असं तिला मीच बोलले. यंदा तुमाला सासू नायतर जाऊ कोन थांब बोलली, तर तिचं ऐकू नका."

मग मागून धोंडू उठला आणि वहिनीजवळ येऊन उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "ताप चढला त्या राती तिचा मला मुंबईला फोन आला होता. मी पन तेच बोल्लो. लावणी उरकू दे."