रिकाम्या बाटलीतला वास

आक्का गेल्याचा भाच्याचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. फोन ठेवून मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले… शेजारच्या वहिनी धावत आल्या. "अहो, केवढं करपलंय! वास जिन्यापर्यंत आलाय." मला आला नव्हता. बहिणीसाठी रडू फुटायच्या आधी मला भीती वाटली, ती त्या न आलेल्या वासाची.

माझी ही थोरली बहीण निपाणीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि मेंदू हा तिचा लाडका धडा. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि भाजल्याचं मेंदूला नंतर कळतं, तो निर्णय मज्जारज्जू परस्पर घेऊन टाकतो, हे ती साभिनय सांगायची. वासाबद्दल बोलताना तर रंगात यायची. "बघितल्यालं, ऐकल्यालं आधी सोप्यात थांबतंय. वास तेवढा थेट माजघरात घुसतोय, आठवणींच्या शेजारी." औषधाच्या छोट्या बाटल्यांत तिनं हिंग, कापूर, लवंग असं काय काय भरून ठेवलं होतं. मुलांना डोळे मिटायला लावून ती एकेक नाकाखाली धरायची. त्यात एक बाटली मुद्दाम रिकामी असे. पोरं तिच्यातही गुलाबापासून रॉकेलपर्यंत वाट्टेल ते हुंगायची. "मेंदू लई लबाड," आक्का हसायची, "काय नसलं तरी मनानंच वास तयार करतोय."

आणि हिलाच वास येईनासा झाला होता. त्यांच्या घरामागे तंबाखूची वखार आहे. बाहेरून आलेला माणूस तिथं शिंकून बेजार होतो, गावच्या माणसाला मात्र पत्ता नसतो. भाऊजींनी एकदा विचारलंसुद्धा, तर म्हणाली, "निपाणीत जन्म काढला, आता कुणाला येतोय तंबाखूचा वास?" आम्ही सगळे हसलो. पुढं कॉफीचा गेला, फोडणीचा गेला. आम्ही आपले तंबाखूच्या नावानं बोटं मोडत राहिलो.

काही वर्षांनी तिचा उजवा अंगठा थरथरायला लागला. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "वास कधीपासून येत नाही?" आक्कानं थरथरता अंगठा मुठीत झाकला. कंपवातात हात कापायच्या कितीतरी आधी वास जाऊ शकतो, हे तिला ठाऊक होतं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "तंबाखूला उगंच दोष दिला की गं."

तेव्हापासून दर भेटीत ती त्या बाटल्या हुंगायला लावून माझी परीक्षा घेऊ लागली. मी मुळात भित्री. बहिणीला झालं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही माझा जीव थाऱ्यावर नसायचा. रिकामी बाटली आली की मला दरदरून घाम फुटायचा. आक्काचा चेहरा त्या दुखण्यानं ताठरला होता, तरी डोळे हसायचे. "रिकामीच हाय गं ती!"

ती गेल्यापासून मी बेळगावला माझ्या घरात दिसेल ते हुंगते. हिंगाची डबी, साबण, उदबत्ती. पण डबी मीच उघडते, आत काय आहे ते मला माहीत असतं. मग वास नाकाला येतो की नुसता आठवतो? हे कुणाला विचारू… जिला विचारायचं तीच नाही.

गेल्या रविवारी निपाणीला गेले. तिच्या खोलीत खिडकीत बाटल्या तशाच होत्या. मला त्यांच्याकडे बघत बसलेलं भाऊजींनी पाहिलं. मितभाषी माणूस. समोर येऊन बसले आणि म्हणाले, "डोळे मीट बघू."

नाकाखाली काच टेकली. मी श्वास घेतला. हिंग नाही, कापूर नाही, लवंग नाही… मी पुन्हा खोल श्वास घेतला. मग काहीतरी उग्र, घशाशी खवखवणारं आलं. मी घाबरत घाबरत म्हटलं, "तंबाखू?"

मी डोळे उघडले. भाऊजींच्या हातातली बाटली रिकामी होती आणि ते खिडकीबाहेर वखारीकडे बघत होते.

"आज पोती बाहेर काढल्यात," ते म्हणाले. "तिला कधी आला न्हाय बघ."

मला वास येत होता. मी आक्काच्या कॉटवर बसून पोटभर रडले.