बाबांना चोर व्हायचं होतं

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्या उजव्या हातापायातली ताकद गेली. ती व्यायामाने बरीचशी परत आली. शब्द मात्र तसे परत आले नाहीत. समजायचं सगळं. मालिकेत कोण कोणाला फसवतंय हे आईच्या आधी त्यांना कळायचं. पण बोलायला गेले की हवा तो शब्द सापडायचा नाही आणि भलताच तोंडातून निघायचा. चादर हवी असली की चमचा म्हणायचे. आम्ही चमचा आणून दिला की डोळे मिटून घ्यायचे. स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की असं होणार, चिडू नका, त्यांना बोलतं ठेवा. बाबांनी मात्र हळूहळू बोलणंच सोडून दिलं. हो, नाही आणि हाताची खूण, एवढ्यावर त्यांचा दिवस जायचा.

त्याआधी माझे रविवार ठरलेले होते. आम्ही चौघं मित्र एक खेळ खेळायचो. त्यात एक जण गेम मास्टर असतो, तो एका काल्पनिक जगाची गोष्ट सांगतो. बाकीच्यांनी आपापलं एक कॅरेक्टर बनवायचं आणि त्या गोष्टीत शिरायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. पुढे काय करायचं ते आपण ठरवायचं आणि ते जमतं की फसतं ते फासा ठरवतो. आमचा गेम मास्टर म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र, कांजूरच्या गावठाणात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबातला. शाळेत इतिहास शिकवतो. दुसरी दोघं म्हणजे घाटकोपरची माझी मैत्रीण आणि तिचा नवरा. जमायचो तिच्याच घरी.

बाबा आजारी पडल्यावर मी जाणं बंद केलं. रविवारी त्यांना सांभाळणाऱ्या मावशींची सुट्टी असायची आणि आईला एकटीला त्यांना उठवणं-बसवणं झेपत नव्हतं. मी ग्रुपवर लिहिलं की माझ्या जागी दुसरं कोणी बघा. त्यावर मित्राचा फोन आला. म्हणाला, दुसरं कोणी कशाला बघू, आम्हीच मुलुंडला येतो, तुझ्या हॉलमध्ये एक टेबल आहे ना?

मला संकोच वाटला. घरात औषधांचा वास, कोपऱ्यात वॉकर, आणि बाबांना परकं माणूस नको असायचं. पण ते आले. येताना समोसे आणले, आईच्या पाया पडले आणि दबक्या आवाजात खेळायला बसले. बाबा आतल्या खोलीत टीव्ही लावून पडून राहिले.

दोन-तीन रविवार असेच गेले. मग एकदा माझ्या लक्षात आलं की आतून टीव्हीचा आवाज येत नाहीये. मी डोकावले तर बाबांनी तो बंद केला होता आणि उशीला टेकून ते आमची गोष्ट ऐकत होते. पुढच्या रविवारी ते वॉकर घेऊन स्वतःहून बाहेर आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मित्राने आपली खुर्ची थोडी वळवली, म्हणजे गोष्ट सांगताना त्याचं तोंड बाबांकडेही राहील.

आमची ती गोष्ट संपली आणि नवी सुरू करायची ठरली. नव्या गोष्टीसाठी सगळ्यांनी नवी कॅरेक्टर बनवायची असतात. तो दिवस मला नेहमीच आवडतो. आपण कोण असू शकतो, याच्या गप्पा मारण्यात सगळी दुपार जाते. मैत्रिणीने एक धनुर्धारी बाई बनवली, तिच्या नवऱ्याने एक भित्रा राक्षस. मित्राने मग बाबांकडे बघून विचारलं, “काका, तुमचं कोण?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली की त्यांना कशाला त्रास. मीही तेच म्हणणार होते. पण बाबा विचार करत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, आणि हे मी कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी त्यांना सोपं जावं म्हणून सुचवायला लागले. राजा? ऋषी? वैद्य? ते प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होते. मग ओठ जुळवून त्यांनी सुरुवात केली आणि पुष्कळ वेळाने शब्द बाहेर आला.

“चोर.”

मला वाटलं, नेहमीसारखा चुकीचा शब्द आला. माझे बाबा नोकरीभर मुलुंडच्या जकात नाक्यावर खिडकीत बसले. मुंबईत येणाऱ्या मालाचे ट्रक तिथे थांबायचे, माल दाखवायचा, जकात भरायची, पावती घ्यायची. आता ती जकातही राहिली नाही. बाबा इतके सरळ की दुकानदाराने चुकून एक पेन जास्त दिलं तर परत द्यायला जायचे आणि मला सोबत न्यायचे. असा माणूस चोर कशाला म्हणेल? मी विचारलं, चौकीदार म्हणायचंय का? चार? चौथा? बाबांनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. फासे खाली सांडले.

मित्र मला शांतपणे म्हणाला, “तू जरा गप्प बस ना. काका बरोबर बोलतायत. आपल्यालाच ते चुकीचं वाटतंय.”

मग त्याने बाबांना विचारलं, खरंच चोरीच करायची आहे का? बाबा म्हणाले, “हो.” आणि थोडं थांबून, आमच्या मालवणीत, “माका चोर व्हयो.”

तीन शब्दांचं अख्खं वाक्य. आई हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली. आधी तीच हसली, मग आम्ही सगळे. बाबा हसले नाहीत. त्यांना काम पुरं करायचं होतं.

मित्राने त्यांचं कॅरेक्टर इतक्या गांभीर्याने बनवलं की त्याचे उपकार मी विसरणार नाही. तो एकेक प्रश्न विचारायचा आणि मग खरंच थांबायचा. घाई नाही, शब्द पुरवणं नाही. हा चोर कोणाकडे चोरी करतो? बाबांनी हात वर नेला, म्हणजे मोठ्या लोकांकडे. एकटा की टोळीत? एकटा. नाव काय? बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं जणू मुलगा अगदीच कच्चा आहे, आणि म्हणाले, “नाव... नाही.” बरोबरच होतं, चोर कशाला नाव सांगेल. शेवटी मित्राने सांगितलं की प्रत्येक कॅरेक्टरमध्ये एक कमजोरी असावी लागते. मला वाटलं, बाबा आता आपल्या उजव्या हाताकडे बोट दाखवणार. बाबांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

“बांगडो,” ते म्हणाले.

म्हणजे बांगडा तळल्याचा वास आला की हा चोर सगळं विसरून त्या घरात शिरणार. मैत्रीण हसता हसता डोळे पुसत होती. तिच्या नवऱ्याने झकास म्हणून बाबांपुढे हात केला, आणि बाबांनी त्यावर डाव्या हाताने टाळी दिली.

पहिल्या खेळात आम्ही एका शहराच्या वेशीपर्यंत पोचलो. वेशीवर एक नाका होता आणि खिडकीत एक कारकून गाड्या तपासत होता. आमच्या गाडीत तलवारी लपवलेल्या होत्या, वर बटाटे. कारकुनाशी बोलायचं काम चोराचं. मित्राने गोष्ट मुद्दाम तिथेच थांबवली आणि बाबांना म्हणाला, पुढच्या रविवारी तुम्ही बोलायचं.

त्या आठवड्यात मी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत असताना स्वयंपाकघरातून आवाज यायचे. आई भाजी निवडत कारकून व्हायची आणि जाड आवाजात विचारायची, “गाडयेत काय आसा?” समोर बाबा शब्द जुळवत बसलेले असायचे. कधी भलताच शब्द निघायचा. आई शांतपणे म्हणायची, गाडी मागे घ्या, परत या. आणि बाबा पुन्हा सुरुवात करायचे. माझ्या आईबाबांनी एकमेकांशी असा खेळ खेळलेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी कॉम्प्युटरसमोर बसून गुपचूप ऐकायचे.

रविवार आला. मित्र कारकून झाला आणि त्याने दरडावून विचारलं, गाडीत काय? आम्ही सगळे टेबलाकडे बघत बसलो, कारण बाबांच्या तोंडाकडे बघितलं की त्यांना दडपण यायचं. मग त्यांचा आवाज आला, पडेल, नम्र, अगदी ट्रक ड्रायव्हरसारखा.

“साहेब, नुसते बटाटे.”

हे वाक्य त्यांनी त्या खिडकीत किती जणांकडून ऐकलं असेल कोण जाणे. बोलून झाल्यावर ते स्वतःच हसायला लागले, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग फासा टाकला. फारच छोटा आकडा पडला, म्हणजे थाप फसली. कारकुनाने बटाटे उपसले, तलवारी सापडल्या आणि माझे बाबा तुरुंगात गेले. इतके खूश ते निवृत्तीच्या दिवशीही नव्हते. त्यांना सोडवायला आम्हाला पुढचे दोन रविवार लागले, आणि कोठडीत बसून ते आम्हाला खुणेने सल्ले देत होते.

त्यांचं बोलणं पूर्ण सुधारलं असं मी म्हणणार नाही. थेरपिस्ट बाईंनी शिकवलेले सराव चालूच होते, त्यांचं श्रेय त्यांना. पण बाबा पुन्हा बोलायचा प्रयत्न करायला लागले. चुकलं तर चुकलं. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसायला लागले. आता छोटी वाक्यं येतात, थकले की अडकतात. एकदा मी विचारलं की बाबा, चोरच का? मला वाटलं होतं काहीतरी मोठं उत्तर मिळेल. ते म्हणाले, “मजा.” आणि पेपर वाचायला लागले.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. आम्ही त्यांना रोज विचारत होतो, दुखतंय का, गोळी घेतली का, बाथरूमला जायचंय का. प्रेमानेच विचारत होतो. पण तुम्हाला कोण व्हायचंय, हे विचारायला कांजूरहून एक इतिहासाचा मास्तर यावा लागला. मी एकदा त्याचे आभार मानायला गेले तर त्याने मला वेड्यात काढलं. म्हणाला, असा चोर मला फुकट मिळाला, थँक्यू तर मी म्हणायला पाहिजे.

गेल्या महिन्यात आम्ही पुन्हा नवी गोष्ट सुरू केली. या वेळी मित्राने आईलाही विचारलं. ती आधी लाजली, मला कुठे जमतंय म्हणाली. मग पदराला हात पुसत खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसली आणि म्हणाली की कोणीही चालेल, फक्त तिला स्वयंपाक करायला लावू नका. बाबांनी आपला फासा तिच्यापुढे सरकवला.