कौशल्याबाईंसाठी आवाज

निजामपुऱ्यातले संपतराव शिर्के बत्तीस वर्षं पाण्याच्या पंपांवर ऑपरेटर होते. मोटारींच्या घरघरीत जन्म गेला म्हणून म्हणा किंवा मूळचाच स्वभाव म्हणा, ते फार बोलत नसत. घरातलं बोलणं सगळं कौशल्याबाईंकडे. भाजीवालीशी गुजराती, शेजारच्या सिंधी बाईंशी हिंदी, आणि देवासला दिलेल्या थोरल्या बहिणीशी, चिमणाबाईंशी, फोनवर मराठी. चिमणाबाईंची नजर काचबिंदूनं गेली होती. त्यामुळे पत्रं थांबून फोन सुरू झाला आणि एसटीडीचे दर उतरल्यापासून तर तो रोजचाच झाला.

२००७ च्या दिवाळीनंतर कौशल्याबाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. श्वासासाठी गळ्याला भोक राहिलं, आवाज गेला. घरात पाटीवर लिहून भागायचं, पण आंधळ्या बहिणीला पाटीचा काय उपयोग? बाईंनी लिहायचं आणि संपतरावांनी फोनवर वाचून दाखवायचं, असं महिनाभर चाललं. मग एक दिवस बाईंनी लिहिलं, ‘सगळंच तुमच्या तोंडून नाही सांगता येत.’ त्यानंतर त्यांनी फोनचं नाव काढलं नाही.

शहरातच, रावपुऱ्यात, हेरंब नावाचा एक ओळखीतला माणूस कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. संपतरावांनी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की एक फुकट मिळणारी नवी सिस्टीम आहे, तिच्यातला आवाज हिंदी वाचून दाखवतो. अक्षरं तीच, तेव्हा मराठीही वाचेल. कुठल्याशा ऑफिसानं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर दुकानात पडून होता. त्याची डिस्क गेलेली, म्हणून हेरंबनं नवी बसवली आणि तो देऊन टाकला. मशीन दहा वर्षांचं आहे, ही सिस्टीम त्याच्यासाठी बनलेलीच नाही, चालेल याची खात्री नाही, एवढं मात्र त्यानं बजावलं.

चाललं नाहीच. सीडी घातली की काही ओळी भराभर सरकायच्या आणि स्क्रीन काळा पडायचा. संपतरावांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता, पण पंपांची नोंदवही मात्र बत्तीस वर्षं भरली होती. स्क्रीन जाण्याआधीची शेवटची ओळ ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवून घ्यायचे आणि बसनं रावपुऱ्याला जाऊन दाखवायचे. हेरंब शोधाशोध करून काहीतरी लिहून द्यायचा, ते घरी येऊन करून बघायचे, पुन्हा काळोख. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या, दुसरी सीडी आणली. तीन आठवड्यांनी कळलं, की वीज वाचवण्यासाठी नवी सिस्टीम मदरबोर्डला काही विचारते आणि या जुन्या बोर्डाला ते कळतच नाही. काही विचारू नकोस, असा हुकूम सुरुवातीलाच टाइप केल्यावर सिस्टीम चढली. सीडी काढून मशीन पुन्हा चालू केलं, तर पडद्यावर फक्त ‘एरर १८’.

“पडतुं मूको, काका,” हेरंब म्हणाला. “सोडून द्या आता. हे त्याच्या ताकदीबाहेरचं आहे.”

संपतरावांनी विचारलं, अठरा म्हणजे काय? हेरंबनं समजावलं. डिस्क नवी आणि मोठी आहे, जुन्या मशीनला सुरू होताना तिचा पुढचा थोडाच भाग दिसतो, आणि सुरू व्हायला लागणारी फाइल जाऊन पडलीय पार मागे.

“मग ती पुढे ठेव ना,” संपतराव म्हणाले.

हेरंब पुन्हा कामाला लागला. डिस्कच्या तोंडाशी एक छोटा भाग वेगळा काढून त्यानं सगळं पहिल्यापासून चढवलं. मशीन आपलं आपण सुरू झालं. मार्च उजाडला होता. संपतरावांनी कागदावर मराठी अक्षरं लिहून एकेका बटणावर चिकटवली.

देवासला फोन लावून त्यांनी रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. कौशल्याबाई एका बोटानं टाइप करत होत्या. मशीन बोललं, “आक्का, मी कौशी. मी बरी आहे.” पुरुषी, सपाट आवाज, त्यात हिंदी हेल.

 पलीकडून चिमणाबाई म्हणाल्या, “संपतराव, हा कोण बाप्या बोलतोय? कौशीला द्या.”

संपतरावांनी समजावून सांगितलं. बाईंनी पुन्हा टाइप केलं, “मीच आहे आक्का.”

“बंद करा ते,” चिमणाबाई रडू लागल्या. “माझी बहीण मेली असं कुणीतरी सांगतंय असं वाटतं मला.”

संपतरावांनी घाईघाईनं हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. कौशल्याबाईंचं बोट अजून अक्षरांवर फिरत होतं. पडदा विझल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतले. पाटी शेजारीच होती, पण त्यांनी ती उचलली नाही. त्यानंतर मशीनवर त्या चहा मागायच्या, औषधाची आठवण करायच्या. संपतरावांना तेवढ्यानंही बरं वाटायचं. देवासला मात्र बाईंनी पुन्हा फोन लावू दिला नाही.

श्रावणात दुखणं उलटलं आणि दसऱ्याच्या आत त्या गेल्या.

तेराव्यानंतर चिमणाबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर त्या थांबल्या. “त्या दिवशी मी तिला बोलू दिलं नाही,” त्या म्हणाल्या. “ती पुढे काय सांगत होती?”

संपतरावांच्या वहीत मशीनची एकूण एक चूक तारखेनिशी लिहिलेली होती.

“मी विचारलं नाही, आक्का,” ते म्हणाले.

दोघांपैकी कुणालाच फोन ठेववेना.

पुढच्या वर्षी हेरंबला बरोबर घेऊन संपतरावांनी आवाज गेलेल्या तिघांच्या घरी अशीच जुनी मशीनं चालू करून दिली. पहिलं मशीन शहरातल्याच गोत्री भागात गेलं, ते कौशल्याबाईंचंच. बटणांवर अक्षरं संपतराव स्वतः चिकटवायचे. पण मशीन बोलायला लागलं, की चपला घालून बाहेर येऊन उभे राहायचे.