खोपीतलं उन्ह

उन्ह अडवणं वेगळं आणि उन्ह खाणं वेगळं. हिरवं पान उन्हावर आपलं अन्न शिजवतं. वाळलेलं पान नुसतं आडवं येतं. एवढी साधी गोष्ट एका मोठ्या साहेबांना समजावून सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, अर्धी टेबलं अजून यायची, आणि त्यात दुष्काळ. मी देगलूरची, विज्ञान शिकलेली, म्हणून उपग्रहाच्या एका कामावर मला तात्पुरतं घेतलं. उपग्रहानं वरून रानाचं चित्र काढायचं आणि परत येणाऱ्या उजेडावरून पिकानं किती उन्ह घेतलं ते ठरवायचं. ते जमिनीवर ताडून बघायला माझ्याकडे उजेड मोजणारी एक लांब काठी होती. आधी पिकाच्या वर धरायची, मग खाली बुडाशी. मधे जेवढा उजेड कमी भरला तेवढा पिकानं घेतला, असा हिशेब.

उदगीरकडच्या एका गावात मी एका मावशींकडे राहत होते. नवरा गेलेला, थोडं रान आणि एक म्हैस. तिच्या दुधावरच घर चालायचं. कडबा संपत आला होता. रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागेवरच वाळली होती, आणि अशी खुरटलेली ज्वारी जनावराला बाधते म्हणून कुणी तिला हातही लावत नव्हतं. गावात चारा छावणी उघडली तर म्हैस राहणार, नाही तर तिला बाजार दाखवावा लागणार. मी रानातून आले की मावशी पहिलं तेच विचारायच्या, "छावनीचं काय झालं गं?"

छावणी द्यायची की नाही ते ज्यावर ठरणार होतं ते उपग्रहाचं चित्र आलं. आमचा सगळा भाग त्यात मेलेला दिसत होता, म्हणजे जसा होता तसाच दिसत होता. कचेरीतल्या त्या मोठ्या साहेबांना ते चालेना. नव्या जिल्ह्याची सुरुवातच दुष्काळानं दाखवायची, हा त्यांना कमीपणा वाटला. त्यांनी माझ्या काठीचे आकडे पुढं ओढले. वाळक्या ज्वारीखाली उजेड निम्म्यावर आलेला होता.

"पीक निम्मं उन्ह घेतंय, म्हणजे पीक आहे," ते म्हणाले. "उपग्रह काय, आभाळातून बघतो. तुम्ही तर जागेवर होतात."

"साहेब, ती पानं वाळलेली आहेत. ती उन्ह नुसतं अडवतात."

"काठी खोटं बोलते का?"

काठी खोटं बोलत नव्हती. तिला हिरवं आणि वाळकं यातला फरकच कळत नव्हता. साहेबांना दोन डोळे होते, त्यांना कळायला काय झालं होतं? ज्या उपग्रहाला खरं दिसलं त्यालाच खोटं पाडलं, आणि तेही माझ्या मोजणीनं. जिल्ह्याच्या शिवेपलीकडे देगलूर तालुक्यात छावणी लागली, आमची अडली. तिथली ज्वारी आमच्याइतकीच मेली होती.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे अख्खं गाव रानात जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी करायची, आत पूजा मांडायची, पिकावर आंबील शिंपायची. पीक नसलं म्हणून येळवस चुकत नाही. मावशींनी उरलेल्या पेंढ्या काढून खोप केली. "सांजच्याला म्हशीलाच घालायच्या हायत," म्हणाल्या. साहेबांनाही जेवायचं बोलावणं होतं, आणि येळवशीचं जेवण कुणी मोडत नाही. ते खोपीत मांडी घालून बसले, शेंगा-भाज्यांची भज्जी दोनदा मागून घेतली आणि म्हणाले, "आत काय गार वाटतंय."

माझं टाळकं सरकलं. मी काठी आणली. आधी खोपीबाहेर उन्हात धरली, मग आत त्यांच्या ताटाशेजारी. काठीवरचा काटा पार खाली गेला.

"साहेब, तुमच्या हिशेबानं ही खोप म्हणजे तालुक्यातलं एक नंबरचं पीक आहे. सगळं उन्ह घेतंय."

मावशी आंबील वाढत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "हिला कणसं लागली की निरोप धाडते. न्यायला या."

साहेब त्या दिवशी हात धुऊन निघून गेले. पण डोक्यात उजेड पडला असावा. माझे आकडे बाजूला ठेवले गेले, उपग्रहाचं चित्र आलं होतं तसं वर गेलं, आणि वर जाऊन टेबलाटेबलावर मुक्काम करत राहिलं. छावणी मंजूर झाली तेव्हा उन्हाळा तोंडावर आला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मी बातमी घेऊन एसटीतून उतरले ती थेट घरी. गोठा झाडून लख्ख केलेला होता. खुंट्याला नुसतं दावं. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हैस उदगीरच्या बाजारात देऊन त्यांना आठवडा झाला होता.

"छावनी झाली म्हनं," त्याच म्हणाल्या. "आता मी जाऊन ऱ्हाऊ का तिथं?"