सोनूबाईचं बंदुकीचं कपाट

पावसच्या वरच्या वाडीतली सोनूबाई कपाट घ्यायला निघाली, तेही बंदुकीसाठी! ही बातमी फुटली तेव्हा विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बायका कळश्या खाली ठेवून बोलतच बसल्या. स्वतःच्या अंगाला धड नवं लुगडं न घेणारी ही बाई, आणि बंदुकीला म्हणे लोखंडी घर करणार.

बंदूक तिच्या नवऱ्याची, विठूची. एकनळी, ठासणीची, पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेली. पंच्याऐंशीच्या श्रावणात विठू गेला आणि बंदूक कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा झाली. परवाना आपल्या नावावर व्हावा म्हणून सोनूबाईने अर्ज केला, तर वाडीने कपाळाला हात लावला. बाई आणि बंदूक! वाडीला बिचारीला काय ठाऊक? शेवटची काही वर्षं विठूला अंगणातला माडसुद्धा धड दिसत नव्हता. दारू ठासायची सोनूबाई, चाप ओढायची सोनूबाई, आणि वानरं पळाली की ओटीवर बसून मिशीवर ताव मारायचा विठू. बार नुसता आवाजाचा, पण तिची आंब्याची कलमं त्या आवाजावरच तगली होती. यंदा मोहोर भरघोस येणारसं दिसत होतं. बंदूक आली नाही तर वानरं एक कैरी शिल्लक ठेवणार नव्हती आणि कलमांशिवाय तिला दुसरा आधार नव्हता.

आडवा आला तो सख्खा दीर, गंगाराम. त्याने स्वतःच्या नावाचा अर्ज पुढे केला आणि ठाण्यात जाऊन फौजदाराचे कान भरले. "साहेब, एकटी बाई. कोन पन येल, दटावील आनि बंदूक उचलून नेल. तिच्या घरात काय म्हणून सुरक्षित राहनार?"

फौजदार नवा होता, घाटावरचा. त्याने सोनूबाईला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, "मावशी, बंदूक खुंटीवर टांगायचे दिवस गेले. कुलपाचं भक्कम कपाट करा. मी स्वतः येऊन बघणार. पटलं तर कलेक्टर कचेरीला तुमच्या बाजूनं लिहितो, नाही पटलं तर तुमच्या दिराच्या."

झालं! बाईच्या अंगात वारं शिरलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गोदाला बरोबर घेऊन ती रत्नागिरीच्या एसटीत बसली. बाजारातल्या पहिल्या दुकानदाराने आरशाचं कपाट पुढे केलं आणि विचारलं, "लग्न मुलाचं की मुलीचं?"

"बंदुकीचं," सोनूबाई म्हणाली.

गोदा तोंडाला पदर लावून जी हसत सुटली ती दुकानाबाहेरच जाऊन थांबली. सोनूबाईने मात्र फणस पारखावा तसं त्या कपाटाच्या पत्र्यावर बोट वाजवून बघितलं. पत्रा पातळ, आत चार फळ्या. बंदूक ना उभी राहिली असती, ना आडवी मावली असती. पुढच्या दुकानात तिजोरी मिळाली, ती दणकट पण ठेंगणी. "हिच्यात ठेवायची तर बंदूक मोडून ठेवावी लागेल," असं दुकानदारालाच सुनावून ती बाहेर पडली. तिची पावलं भराभर पडत होती. इतकी वर्षं बाजारात ती मीठ-मिरची आणायला यायची. आज दुकानदार तिला खुर्ची देत होते आणि ती त्यांचा माल नापसंत करत होती. हे तिला भलतंच आवडलं होतं.

शेवटी कोणीतरी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या धोंडूचं नाव सांगितलं. खिडक्यांचे गज आणि कपाटं बनवणारा कारागीर. वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या, गोदा दारातच थबकली, पण सोनूबाई थेट आत गेली.

"बंदुकीचं माप?" धोंडूने विचारलं.

बंदूक तर ठाण्यात होती. सोनूबाईने वहाणा काढल्या आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. "माज्या हनुवटीच्या वाईच खाली. मार खडूची रेघ."

धोंडूने रेघ मारली. मग कुलपावरून घासाघीस सुरू झाली. बाहेर कडी नको, पहारीने उचकटेल. कुलूप दरवाजाच्या आतच हवं. तळाला लाकूड हवं, बंदुकीचा दस्ता लोखंडावर आपटता कामा नये. कपाट मागून बोल्ट घालून जांभ्याच्या भिंतीत पक्कं बसवायचं, म्हणजे चार गडी आले तरी हलणार नाही. खाऱ्या वाऱ्यात गंज चढतो म्हणून रंगाचे जादा हात. आणि रंग मोरपंखी!

"बंदुकीला कसला गो रंग लागतो?" गोदाने दारातून विचारलं.

"बंदुकीला नाय, मला लागतो," सोनूबाई म्हणाली, आणि धोंडूनेही हातातलं काम खाली ठेवून हसून घेतलं.

कपाट आलं त्या दिवशी वाडीत शिमगा लवकर आल्यासारखा कल्ला झाला. टेम्पो खालच्या रस्त्यापर्यंतच येत होता. तिथून पाखाडीच्या पायऱ्यांवरून गडी कपाट खांद्यावर घेऊन, आरोळ्या देत वर आले. धोंडूने ते भिंतीत बसवलं, किल्ली सोनूबाईच्या हातात दिली आणि तिने ती कमरेला खोचली. त्या रात्री आनंदाने तिला जेवणसुद्धा गेलं नाही.

चूक झाली ती दुसऱ्या दिवसापासून. वाडीत असलं कपाट पहिलंच. आधी गोदा आली, लेकीच्या लग्नाचं सोनं घेऊन. "वाईच ठेव गो, बंदूक येईस्तोवर." गोदाला नाही कसं म्हणायचं? गोदाला हो म्हटल्यावर इतरांना नाही कसं म्हणायचं? मग गणपतीचा चांदीचा मुकुट आला, घरपट्टीच्या पावत्या आल्या, कोणाचा ट्रान्झिस्टर, कोणाचं मुलाने दुबईहून पाठवलेलं घड्याळ. एका म्हाताऱ्याने तर काजूगरांचा डबा आणला, सून खाते म्हणून. भिडेपायी सोनूबाई सगळं आत ठेवत गेली.

आणि एका सकाळी फौजदार दत्त म्हणून अंगणात उभा! मागे गंगाराम, मागे अर्धी वाडी. कपाट बघून फौजदार खूश झाला. बोल्ट हलवून बघितले, पत्रा वाजवून बघितला. "झकास! उघडा बघू."

सोनूबाईने किल्ली फिरवली. दार उघडताच काजूगरांचा डबा फौजदाराच्या बुटावर पडला.

"हे बंदुकीचं कपाट हाय का बँक?" फौजदाराचा आवाज चढला. "अहो, रोज दहा माणसं हिथं उघडझाप करायला येणार. बंदूक ठेवायची कुठं?"

"कोनाला नाय म्हणता आलं नाय, साहेब," सोनूबाई कशीबशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. इतकी धडपड केली आणि आपल्याच मऊपणाने घालवली, असं तिला वाटलं.

गंगारामला तर आभाळ ठेंगणं झालं. "बगा, साहेब! मी काय सांगत होतो?"

फौजदाराने एकेक वस्तू बाहेर काढायला लावली. हे कोणाचं, ते कोणाचं? माणसं खाली मान घालून पुढे येत होती आणि आपापलं नेत होती. तळाशी लाल फडक्याचं एक गाठोडं राहिलं. उघडलं तर आत सोन्याच्या पाटल्या.

"हे कोणाचं?"

सोनूबाई गप्प. फौजदाराने पुन्हा विचारलं, तरी ती तोंड उघडेना. शेवटी गर्दीतून गंगारामची बायको काशी पुढे आली. "आमचं हाय, साहेब. ह्यांनीच मला मागच्या दारानं पाठवलं ठेवाया."

फौजदार सावकाश गंगारामकडे वळला. "काय हो, बायकोच्या पाटल्या हिच्या घरात सुरक्षित, आणि बंदूक तेवढी नाही?"

फौजदार सोनूबाईला म्हणाला, "मावशी, यापुढं ह्यात फक्त बंदूक. ठासायची दारू वेगळी, दुसऱ्या कुलपात. कबूल?"

"कबूल, साहेब."

"मग मी तुमच्याच बाजूनं लिहितो."

सोनूबाईने डोळे पुसले. गाठोडं नीट बांधलं आणि दिराच्या हातात दिलं. "भावोजी, घरी न्या. बंदुकीला जागा पायजे."

गंगाराम गाठोडं घेऊन घुटमळला. मग अख्ख्या वाडीदेखत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "वयनी, राहू दे ना कोपऱ्यात. तुज्यासारखं कोन सांभाळनार?"