नक्कोमामांची टिकली

ऑफिसच्या मोठ्या बैठकीत माझा चेहरा कोणालाच दिसेना. बाकीचे सगळे आपापल्या चौकटीत हसत, जांभया देत बसलेले आणि माझ्या चौकटीत नुसता काळोख. मी लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, खिडकीकडे तोंड केलं, चष्मासुद्धा पुसला. शेवटी सगळ्यांदेखत कंपनीच्या कॉम्प्युटर विभागावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. तिथली स्वप्ना नावाची वरंगळची मुलगी धावत आली. तिनं पडद्याच्या वरच्या कडेकडे एकदाच पाहिलं, नखानं काहीतरी खरवडून काढलं आणि बोटाच्या टोकावर धरून विचारलं, "सर, ये मॅडम का है क्या?"

मरून रंगाची टिकली होती. मॅडमचीच होती. कॅमेऱ्यावर मीच चिकटवली होती आणि मीच विसरलो होतो. एव्हाना कॅमेरा छान चालू झाला होता, त्यामुळे माझा पडलेला चेहरा सगळ्यांना अगदी स्पष्ट दिसला.

लॅपटॉपच्या कपाळावर टिकली लावायची ही विद्या मला नक्कोमामांनी दिली.

नक्कोमामा सिकंदराबादेत आमच्या खालच्या मजल्यावर राहत. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण मामांचं लहानपण हैदराबादच्या गौलीगुड्यात गेलेलं. त्यामुळे मराठी, दखनी आणि तेलुगू त्यांच्या तोंडात एकाच ताटात वाढल्यासारख्या असत. त्यांचा पहिला शब्द नेहमी "नक्को". या, बसा? नक्को. चहा टाकू? नक्को. मग ते बसत, चहा घेत, दुसरा कपही घेत. माझी बायको पुण्याची. पहिल्या भेटीत तिनं त्या "नक्को"वर विश्वास ठेवला आणि खरोखरच चहा केला नाही. मामा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले. उठताना दारात थांबून अगदी निरागसपणे म्हणाले, "ताई, तुमच्याकडं दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नाही का?"

त्या दिवसापासून आमच्या घरात "नक्को"चा अभ्यास सुरू झाला. बायको त्यात लवकर तरबेज झाली. तिच्या मते आखूड "नक्को" म्हणजे "आग्रह करा", लांबवलेला "नक्कोऽऽ" म्हणजे "साखर कमी घाला". आणि खरोखरच नको असलं की मामा काही बोलतच नसत, नुसते छताकडे बघत. मी मात्र वर्षानुवर्षं गोंधळलेलाच राहिलो. बुद्धपौर्णिमेला ते खिरीचा डबा घेऊन वर आले की "कशाला त्रास घेतलात" असं मी म्हणे आणि ते विचारात पडत की हा माणूस खीर परत न्यायला सांगतोय की काय.

मामा रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचा गुंता आणि ह्याची दोरी त्याच्या भोकात घालून माणसाला माणूस जोडून द्यायचा, हे काम त्यांनी उभी हयात केलं. तेव्हा मधल्या माणसाला सगळं ऐकू येई. बारशी, मयती, बदल्या, भांडणं. मामा म्हणत, "ऐकू येणं वेगळं, ऐकणं वेगळं. मधे बसणाऱ्याचं पोट मोठं पाहिजे." त्यांच्या सख्ख्या मेहुण्याची बदली गुंटकलला झाल्याचं त्यांच्या कानावरून गेलं, तरी त्यांनी घरी चकार शब्द काढला नाही. मामींना ती बातमी भाजीवालीकडून कळली. त्यानंतर बरेच दिवस मामांच्या ताटात नुसतं वरण पडत होतं.

अशा माणसाच्या मुलीला ऐकू येत नव्हतं. सुजाता लहान असताना ताप डोक्यात गेला आणि तिचे कान गेले. तिला ओठ नीट वाचता यावेत म्हणून मामांनी भरघोस मिशी एका सकाळी काढून टाकली ती कायमची. आता ती पुण्यात नकाशे काढायच्या नोकरीत आहे, नवरा आहे, घर आहे. "अख्ख्या डिव्हिजनला फोन जोडून दिले," मामा एकदा म्हणाले, "पण पोरीला एकदाबी फोन लावता आला नाही बघा." हे म्हणताना ते हसले होते. मला हसावं की नाही ते कळलं नाही, म्हणून मी खोकलो.

मामी होत्या तोवर त्या दोघांच्या मधे असत. त्यांना हातांची भाषा उत्तम येई. दर रविवारी लॅपटॉपसमोर मामा-मामी बसत, पलीकडून सुजाता हातांनी विचारी, "बाबा, दिवाळीला येणार?" मामा म्हणत, "नक्को." आणि मामी शांतपणे हातांनी खूण करत, 'येणार म्हणतायत.' मामा ते बघत आणि न बघितल्यासारखं करत. मामी गेल्या आणि मधली जागा रिकामी झाली. मामांचे हात थरथरू लागले होते, खुणा धड होत नसत आणि पडद्यावर ओठ वाचणं सुजाताला जमत नसे. ते एका बोटानं टाइप करत, तोवर तिकडे सुजाता कंटाळून पंख्याकडे बघत बसे.

मग कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली. नव्या सिस्टीममध्ये माणूस बोलला की त्याचं बोलणं खाली मराठीत लिहून येई. पहिल्या रविवारी मामा एवढंच म्हणाले, "सुजा, जेवलीस का?" आणि पडद्याखाली ती अक्षरं उमटली. सुजातानं ती वाचली आणि तोंडावर हात ठेवला. त्या दिवशी मामा सलग तासभर बोलले. खिचडीला खिडकी आणि गवारीला गवंडी अशा चुका होत, पण बापलेकींना त्यात आणखी मजा येई.

आणि नेमकं तेव्हाच बिनसलं. एके दुपारी मामा धापा टाकत वर आले. "कंपनीवाले," ते मला म्हणाले, "तुमचं हे यंत्र चुगलखोर आहे."

कंपनीवाले म्हणजे मी. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे हे खरं, पण तिथे मी कॅन्टीन आणि बसगाड्या बघतो. हे मी मामांना अनेकदा सांगितलं होतं. तो त्यांना विनय वाटे.

झालं होतं असं की, आदल्या संध्याकाळी मामा मामींच्या फोटोपाशी उभे राहून म्हणाले होते, "एकट्यानं निभत नाही गं आता." आणि सकाळी कॉम्प्युटर उघडला तर समोर जाहिरात. शमशाबादच्या पुढे, ज्येष्ठांसाठी बाग असलेले बंगले, एकटेपणा विसरा. "मी फोटोशी बोललो होतो," मामा म्हणाले. "आता फोटोनं सांगितलं, का ह्यानं?"

मी म्हणालो, तुमचं वय त्याला माहीत आहे, योगायोग असेल. मग म्हणालो, नसेलही. मग बायकोकडे पाहिलं. मामांनीही तिच्याकडेच पाहिलं. मला यातलं काही कळत नाही हे त्या खोलीत माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

"ऐकू येऊ दे की," मामा म्हणाले, "मलाबी यायचं. पण मी कधी कोणाच्या दारात बंगला विकायला गेलो का?"

त्यांचा दुसरा राग परवानगीवर होता. सिस्टीम मधूनमधून विचारी: तुमचं बोलणं सुधारणेसाठी वापरू का? पडद्याची चित्रं जपून ठेवू का? खाली बटणं दोनच, 'हो' आणि 'नंतर विचारा'. मामा चष्मा वरखाली करून शोधत राहत. "नक्कोचं बटन कुठंय?" ते नव्हतंच. "हे कसलं विचारणं म्हणावं?" थोड्या वेळानं जरा निवळून म्हणाले, "पण दुसऱ्यांदा विचारतंय. तेवढी रीत आहे त्याला." ही कोपरखळी माझ्या बायकोला होती. तिनं चहा टाकला.

शेवटी ठरलं की, ही सिस्टीम काढायची. मी स्वप्नाला गाठलं. तिनं एका पेन ड्राइव्हवर दुसरी सिस्टीम दिली. फुकटची, कुणाच्या मालकीची नाही, कुणाचं काही ऐकत नाही. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघा, पटली तरच कायमची घाला, असं तिनं मला बजावलं होतं. मी ते मामांना माझं स्वतःचं ज्ञान म्हणून सांगितलं. रविवारी सुजाताला फोन लावला. चित्र काचेसारखं स्वच्छ. मामा ताठ बसून म्हणाले, "सुजा, जेवलीस का?" खाली काहीच उमटलं नाही. मराठी लिहून द्यायची सोय त्या भल्या सिस्टीममध्ये नव्हती. मामांनी पुन्हा विचारलं, मोठ्यांदा विचारलं. सुजातानं डोळे बारीक करून त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मान हलवली, मग वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. 'बाबा, बोला ना.'

मामा बोलतच होते.

फोन संपल्यावर ते पेन ड्राइव्हकडे बघत बसले. म्हणाले, "इमानदार आहे बिचारं. पण काढा." मी काढला. "म्हणजे जुनी सिस्टीमच ठेवायची?" मी विचारलं. "ठेवायची नक्को," मामा म्हणाले. यावर काय करायचं ते मला कळेना. मग मी ठेवली.

तिथून मामांनी त्या यंत्राला सासुरवास सुरू केला. मामींच्या टिकल्यांचं पाकीट कपाटात होतं, त्यातली एक रोज कॅमेऱ्यावर बसे. रविवारी फोनच्या वेळी ती काढून आरशाच्या कडेला लावायची, फोन झाला की परत यंत्राच्या कपाळी. माइक बंद. वरून मामींची शाल. खाजगी बोलायचं असलं की मामा मला लिफ्टमध्ये नेत, तेही माझा मोबाइल घरी ठेवायला लावून. वर-खाली करत आम्ही जी गुपितं बोललो त्यांत हिंग कुठला चांगला, हे मुख्य होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आमच्याकडे संशयानं बघू लागल्या, ती गोष्ट वेगळी. मीही घरी माझ्या लॅपटॉपला बायकोची टिकली लावू लागलो. मामांइतका मी ठाम नव्हतो. मला एवढंच वाटे की, ते करतात त्या अर्थी काहीतरी असणार.

सुजाता दर रविवारी शेवटी एकच विचारी: "बाबा, इकडे या. कायमचे." मामा म्हणत, "नक्को." यंत्र इमानेइतबारे लिही, 'नको'. अक्षरांना सूर नसतो. आखूड की लांब, हे त्यात कुठून दिसणार? सुजाताचा चेहरा उतरे, ती हात हलवून फोन ठेवी. मग मामा शाल हातात घेऊन तसेच बसून राहत.

एका रविवारी आवाज नीट जात नाही म्हणून मामांनी मला बोलावलं होतं. मी शेजारी उभा. सुजातानं नेहमीचं विचारलं. मामा जरा घुटमळले, घसा खाकरला आणि म्हणाले, "नक्को."

खाली अक्षरं उमटली: 'नक्की.'

पलीकडे सुजाता खुर्चीतून उठलीच. तिनं ते पुन्हा वाचलं, पडद्याला बोट लावून वाचलं, नवऱ्याला ओढत आणलं, त्याला दाखवलं. ती रडत होती, हसत होती, हात इतके भराभर चालत होते की, मामींनासुद्धा ते झेपलं नसतं.

मी घाईनं पुढे झालो. "मामा, त्यानं उलटं लिहिलंय! थांबा, मी टाइप करून सांगतो." कळफलकापर्यंत गेलेला माझा हात मामांनी धरला. थरथरणारा हात होता, पण पकड घट्ट होती. ते पडद्याकडे बघत राहिले, पोरीकडे आणि खालच्या त्या अक्षरांकडे.

"राहू द्या," ते म्हणाले. "ऐकू नाही आलं त्याला. पण ऐकलं बराबर. सुजाची आई ऐकायची तसं."

मी पायऱ्या चढून वर आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. यंत्र चुकलं, की मामाच पुटपुटताना "नक्की" म्हणाले, की मलाच नीट ऐकू आलं नाही, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

सिकंदराबाद स्टेशनवर आम्ही त्यांना पोचवायला गेलो. सामान पुण्याहून न्यायला आलेल्या जावयानं घेतलं होतं, पण लॅपटॉपची पिशवी मामांनी तान्ह्या लेकरासारखी मांडीवर धरली होती. बायकोनं डबा पुढे केला. "नक्को, ताई." तिनं एक अक्षर न बोलता तो त्यांच्या पिशवीत घातला. मामांनी खिशातून मामींच्या टिकल्यांचं पाकीट काढलं, त्यातली एक टिकली काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि पाकीट परत खिशात टाकलं. "कंपनीवाले, तुमची सिस्टीम ठेवणार का काढणार?" मी म्हणालो, "विचार करतोय." "हौ, करा करा," असं म्हणून ते गाडी हलेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आता दर रविवारी माझ्या लॅपटॉपवर त्यांचा फोन येतो पुण्याहून. "इथं चहा एकदाच विचारतात हो," ते सांगतात. "पहिल्याच फटक्यात हौ म्हणावं लागतं. लई परेशानी आहे." मागून सुजाताच्या घरातली भांडी वाजत असतात. मामा खूश आहेत असं मला वाटतं. खात्री विचाराल तर बायकोला विचारा.

त्या बैठकीच्या दिवशी मी टिकली रुमालात बांधून घरी आणली. बायकोला घडलेला प्रकार सांगितला. ती पोट धरून हसली. मग मी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर तोच प्रश्न: तुमचं बोलणं, तुमची चित्रं, सगळं आमच्याकडे असू द्यायचं का? खाली 'हो' आणि 'नंतर विचारा'. मी रुमालातली टिकली एका हातात आणि स्वप्नाचा पेन ड्राइव्ह दुसऱ्या हातात घेऊन बसलो. ही सिस्टीम ठेवली तर आपलं सगळं उघडं. काढली तर मामांचा रविवारचा फोन, मुलांचे फोटो, ऑफिसच्या बसचं वेळापत्रक यांचं काय होईल कोण जाणे. अगदीच सुचेना तेव्हा बायकोला विचारलं, "काय गं, ठेवू ही सिस्टीम?"

ती म्हणाली, "तुम्ही आपलं 'नक्को' म्हणा. ऐकू काय आलं, ते मी ठरवते."