भुताच्या पिक्चरात कुणाचं नाव

हॉरर पिक्चरची टायटल्स करायला कधी घेऊ नका. पिक्चर एवढासा, पण वैतागाचे किस्से वर्षभर पुरतात. माझं डिझाइनचं फायनल इयर होतं आणि शेवटचे मार्क या टायटल्सवरच मिळणार होते, म्हणून सोसलं.

डायरेक्टर चेतन, माझा ज्युनियर. जेवायला रोज लष्कर मोहल्ल्यात आमच्या घरी. त्याला अंधारात प्रत्येकाचा फोटो हवा, खाली नाव, पुढं थरथरती ज्योत. जीव ओतून केलं. हिरोच्या आईनं लॅपटॉपवर बघितलं आणि रडायलाच लागली. "अगं, असला फ्लेक्स आमच्या गल्लीत माणूस गेल्यावर लावतात!" फोटो गेले, ज्योतही गेली.

*

कॅमेऱ्याचा खर्च चेतनच्या बाबांचा. त्यांचा हट्ट, आधी देवीचा फोटो, मग किंकाळी. तेही केलं. तर म्हणाले, "शुभकार्य आहे. चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावा की."

लावलं. चेतननं स्क्रीन बघितली.

"अक्का, ही तर हडळीची लग्नपत्रिका झाली."

जसं काही त्याच्या बाबांना मीच बोलावून आणलं होतं.

*

सोसले गावातल्या एका काकांनी शूटिंगला आपलं रिकामं घर दिलं. आभारात त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत घातलं आणि हौसेनं फोन करून सांगितलं. काका भडकले.

"अय्यो, काढ आधी ते! घर भाड्यानं द्यायचंय मला. तिथं भूत दाखवून वर आभार मानता? कोण येईल राहायला?"

*

घरात आईचं वेगळंच. चेतनला वाढता वाढता रोज तेच. "भुताच्या पिक्चरात आमच्या पोरीचं नाव नको रे. लग्नाची आहे ती."

"आई, नाव नसेल तर मार्क कुणाला देणार?" मी ओरडायची. ती चेतनला आणखी एक चपाती वाढायची.

*

पिक्चर दाखवायच्या दिवशी सगळं घर आलं. आई माझ्या शेजारी, तिच्याशी कधीच न पटणारी आत्या मागच्या रांगेत. पिक्चर संपला. बाहेरून आलेले परीक्षक माइक घेऊन उठले. "पिक्चर ठीकठाक. टायटल्स मात्र अप्रतिम. ज्यांनी केली त्यांनी स्टेजवर यावं." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी अर्धी उठलेसुद्धा.

शेवटची पाटी अजून पडद्यावर होती. परीक्षकांनी वळून तिच्यावरचं नाव वाचलं. ते आत्याचं होतं.

आत्यानं पदर सारखा केला आणि शांतपणे स्टेजकडे निघाली. आईनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"मीच चेतनला बदलायला लावलं," ती कानात म्हणाली. "भूत लागलंच तर हिला लागू दे."